हंडा भरायला लागणारी अकरा मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. पहाटे साडेचारला गजराच्या आधी नळाच्या फुसफुशीने ज्यांना जाग येते, त्यांना मुंबईत पाणी भरणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मालाडमधल्या आमच्या वाडीजवळच्या सभागृहात गेल्या वर्षी मी मृणाल गोरे यांच्यावरचा एक माहितीपट पाहिला. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या, १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणालताईंना पाण्यासाठीच्या लढ्यामुळे लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात त्या आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मोर्चामुळे वाहतूक खोळंबली, एवढेच सांगणाऱ्या बातम्यांचा मला मनापासून राग येतो. बायका घर सोडून का आल्या, हे आधी सांगायला हवे. मला मात्र सर्वांत भिडली ती प्रश्नाचा पुरता अभ्यास करून मगच अधिकाऱ्यांसमोर उभे राहण्याची ताईंची रीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हंड्याशेजारी घड्याळ ठेवले. करंगळीएवढी धार, हंडा भरायला अकरा मिनिटे लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तक्रारी करून आम्ही थकलो.” मी म्हटले, “काकू, तक्रार नको, आधी वही लिहू.” एकवीस दिवस आम्ही सात जणींनी पाणी कधी आले, कधी गेले आणि हंडा किती मिनिटांत भरला, एवढेच लिहिले. घड्याळ आणि वही, श्रोतेहो, दुसरे काही नाही. ती वही घेऊन आम्ही महापालिकेच्या कार्यालयात गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणे “वरूनच दाब कमी आहे” असे उत्तर आले. काकूंनी वही उघडून शांतपणे विचारले, “मग समोरच्या गल्लीत हंडा तीन मिनिटांत कसा भरतो?” साहेबांनी पाने उलटली, चष्मा पुसला आणि पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चावीवाल्याला बोलावले. गल्लीच्या तोंडावरचे झाकण उघडल्यावर दिसले, की आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह जेमतेम अर्धाच फिरवलेला होता.

आता हंडा चार मिनिटांत भरतो. टोकाच्या दोन खोल्यांपर्यंत पाणी अजूनही पोहोचत नाही, म्हणून ती वही सध्या त्यांच्याकडे दिली आहे.