प्रत्येक क्लबचे अंतर : शिकाऊ गोल्फरसाठी

मित्रहो, गोल्फ खेळू लागून वर्ष-दीड वर्ष झालेला खेळाडू बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटका मारायच्या क्लबने, चेंडू अजून लांब कसा मारावा? प्रश्न रास्त आहे, कारण पहिला फटका लांब गेला की दुसऱ्या फटक्याला हाती छोटा क्लब येतो आणि ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, गाठणे सोपे होते. मात्र नियमांनुसार पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाने किती अंतर द्यावे हे ठरवणारी पहिली गोष्ट सर्वांसाठी सारखीच आहे. ती म्हणजे चेंडू क्लबफेसच्या, म्हणजे क्लबच्या मारणाऱ्या पृष्ठभागाच्या, मध्यावर लागणे. ताकद आणि वेग यांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

याला गणिताचा आधार आहे. ड्रायव्हरचा फटका अगदी मध्यावर बसला, तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट होतो. क्लबफेस किती लवचीक असावा यावर नियमांनी मर्यादा घातलेली असल्यामुळे हे प्रमाण त्याच्या फार पुढे जात नाही. ताशी 90 मैल वेगाने स्विंग करणाऱ्या खेळाडूने 1.48 हे प्रमाण साधले, तर चेंडू ताशी 133 मैलांनी सुटतो. तोच फटका क्लबफेसच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) सरकून प्रमाण 1.35 वर आले, तर वेग 121 च्या आसपास राहतो आणि अंतरात वीसेक यार्डांची घट होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर ताशी 82 मैलांनी शांतपणे केलेला आणि मध्यावर बसलेला स्विंग तेवढेच अंतर देतो. म्हणूनच क्लबफेसवर थोडी टाल्कम पावडर लावून चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते पाहण्याची सवय मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगतो. घराच्या गच्चीवर किंवा शेतात जाळी बांधून सराव करणाऱ्यांना चेंडू किती लांब गेला असता हे कळत नाही, पण ठसा मात्र तिथेही खरे तेच सांगतो.

आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या क्लबच्या, बाबतीत अधिक तपशिलात जायला हवे, कारण शिकाऊ खेळाडूचे सर्वाधिक अंतर इथेच वाया जाते. चेंडू हवेत उचलायचा आहे या समजुतीने तो शरीराचा भार मागच्या पायावर ठेवतो आणि मनगटे आधीच सोडून देतो. परिणामी क्लब जमिनीला चेंडूच्या अलीकडे टेकतो किंवा चेंडूच्या मधोमध त्याची कड लागते. फटका बरा लागला तरी आघाताच्या क्षणी लॉफ्ट (क्लबफेस मागे कललेला असण्याचा कोन) वाढलेला असतो, त्यामुळे सेव्हन आयर्नचा चेंडू नाइन आयर्नसारखा उंच चढतो आणि तिथेच खाली येतो. चांगल्या फटक्यात हात क्लबफेसच्या किंचित पुढे असतात, आधी चेंडू लागतो आणि मग लक्ष्याच्या बाजूला गवताचा पातळ तुकडा निघतो. चेंडू वर नेण्याचे काम लॉफ्ट करतोच. कबड्डीच्या मैदानावर मारतो तशी फक्कीची एक रेघ जमिनीवर मारावी, ती दोन्ही पावलांच्या मध्ये येईल असे उभे राहावे आणि चेंडू न ठेवता स्विंग करून प्रत्येक वेळी रेघेच्या पुढची जमीन घासली जाते का ते पाहावे. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण आयर्नचे अंतर त्यातूनच वाढते.

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांशी संबंध असलेल्या श्रोत्यांना आयर्नची रचना सहज समजेल. घडीव आयर्न पूर्वी सपाट पाठीचे असत आणि त्यांचे वजन मध्यावर एकवटलेले असे. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात धातू ओतण्याच्या पद्धतीने, पाठ पोकळ ठेवून वजन कडांना नेणे सोपे झाले. त्यामुळे फटका मध्यापासून सरकला तरी क्लब कमी वळतो आणि अंतर कमी घटते. शिकाऊ खेळाडूने असेच आयर्न घ्यावेत. मात्र घेताना प्रत्येक क्लबचा लॉफ्ट विचारावा. पूर्वी सेव्हन आयर्न साधारण 35 अंशांचा असे, तर आज काही संचांत तो 29-30 अंशांचा मिळतो. त्याने चेंडू लांब जातो यात नवल नाही, कारण जुन्या हिशेबाने तो जवळजवळ फाइव्ह आयर्नच आहे. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांसाठीचे जास्त लॉफ्टचे क्लब. अशा संचातला पिचिंग वेज 43-44 अंशांचा असतो आणि सँड वेज 56 अंशांचा, त्यामुळे मधे मोठी पोकळी राहते. ती भरण्यासाठी 50 अंशांचा गॅप वेज लागतो. लांब अंतराच्या आयर्नच्या टोकाला याच्या उलट अडचण येते. स्विंगचा वेग कमी असलेल्या खेळाडूचे फोर आणि फाइव्ह आयर्न जवळजवळ सारखेच अंतर जातात, कारण कमी लॉफ्टच्या क्लबने चेंडूला पुरेशी उंची मिळत नाही. त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे आयर्नपेक्षा जाड डोक्याचे क्लब, ठेवावेत. त्यांचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे असल्याने चेंडू सहज वर जातो.

ड्रायव्हरचे तंत्र आयर्नच्या उलट आहे. चेंडू डाव्या टाचेच्या समोर ठेवावा, टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) तो क्लबच्या वरच्या कडेच्या निम्मा वर दिसावा आणि क्लब वर चढत असताना त्याला लागावा. खाली उतरत्या क्लबने मारलेल्या आणि चढत्या क्लबने मारलेल्या फटक्यांत, वेग तोच असला तरी, पंधरा-वीस यार्डांचा फरक पडू शकतो. व्यावसायिक खेळाडूंचे पाहून 9 अंशांचा ड्रायव्हर घेण्याचा मोह टाळावा. ताशी 85-90 मैलांच्या स्विंगला साडेदहा ते बारा अंश अधिक मानवतात.

आता वेगाविषयी. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या या गावाला शरीराची ताकद कुठून निघते हे शिकवायला नको. तालमीत मुद्गल फिरवणारा मल्ल नुसत्या मनगटाने तो फिरवत नाही. जोर पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यांत आणि शेवटी हातात येतो. स्विंगमध्येही हाच क्रम हवा : आधी कंबर लक्ष्याकडे वळते, मग धड, मग हात आणि सर्वांत शेवटी क्लब. हातांनी घाई केली की क्रम मोडतो आणि ग्रिप आवळली की मनगटे जखडतात. बैठका आणि मुद्गल यांचा उपयोग गोल्फरला निश्चित होईल, पण पाठदुखी असलेल्यांनी जाणकाराला विचारूनच त्याकडे वळावे. मुलांच्या बाबतीत मात्र मी माझा क्रम बदलतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जोरात मारू द्यावे. वेग त्या वयात अंगात भिनतो आणि अचूकता नंतर आणता येते.

सुधारणा होते आहे का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. एका क्लबने दहा चेंडू मारून प्रत्येकाचे अंतर लिहावे, आकडे लहान-मोठ्या क्रमाने लावावेत आणि मधले दोन-तीन आकडे हे त्या क्लबचे अंतर मानावे. सर्वांत लांब गेलेला चेंडू आठवणीत राहतो, पण खेळताना तो उपयोगाचा नसतो. मोजायचे ते चेंडू हवेत जेवढे गेले तेवढेच, म्हणजे कॅरी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन टणक असते आणि चेंडू पुढे बराच घरंगळतो, तर जुलैत तो पडतो तिथेच रुततो. पावसाळ्यात हवा दमट म्हणून जड होते आणि चेंडू अडतो, असे अनेकजण समजतात. वास्तविक दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. अंतर घटते ते ओल्या जमिनीमुळे, गार हवेमुळे आणि क्लबफेस व चेंडू यांच्यामध्ये येणाऱ्या पाण्यामुळे, म्हणून फटक्याआधी क्लबफेस पुसून कोरडा करावा. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे आणि इथल्या विरळ हवेत चेंडू मुंबईपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. इथे मोजलेली 150 यार्डांची कॅरी मुंबईला खेळताना 147 धरावी, आणि ग्रीनच्या समोर बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी असेल तर एक क्लब मोठा काढावा.