सशांची खरूज : औषध हरले की आपली पद्धत?

श्रोतेहो, नमस्कार.

ससेपालन करणाऱ्या शेतकऱ्यांकडून दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले वाक्य असे की, 'खरजेचे इंजेक्शन आता लागू पडत नाही, किड्यांना औषधाची सवय झाली आहे.' दुसरे वाक्य बहुधा त्याच शेडमध्ये, दोन पिंजरे पलीकडे उभे राहून सांगितले जाते : 'ही मादी मात्र चांगल्या वंशाची आहे, हिला खरूज होतच नाही.' पहिल्या वाक्यात किड्याच्या प्रतिकारशक्तीचा दावा आहे, दुसऱ्यात सशाच्या. हे दोन्ही दावे खरे असू शकतात. परंतु तपासणी न करता ते मान्य केले, तर पहिल्यामुळे चुकीचे औषध घरात येते आणि दुसऱ्यामुळे रोग पुढच्या पिढीत जातो. आजच्या भाषणात मी हेच सांगणार आहे.

खरूज करणारा जीव म्हणजे एक सूक्ष्म कोळी. वांग्यावर येणारा लाल कोळी ज्या आठ पायांच्या वर्गातला, त्याच वर्गातला हाही. सशांमध्ये त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. एक कानात राहतो. त्याचे नाव सोरॉप्टिस. तो कातडी पोखरत नाही, कानाच्या आतल्या पृष्ठभागावर राहतो, आणि तेथे वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यांसारख्या तपकिरी खपल्यांचे थर साचतात. दुसरा सारकॉप्टिस. हा कातडीत बोगदे करतो आणि नाक, ओठ, पंजे, कानांच्या कडा येथे खरूज करतो. सशांना हाताळणाऱ्या माणसालाही त्यामुळे खाज सुटते. म्हणजे एक कानातला, एक कातडीतला. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास दोघांनाही साधारण दोन ते तीन आठवडे लागतात.

आता जुन्नर तालुक्यातील एका शेडची हकीकत सविस्तर सांगतो, कारण तिच्यात या विषयाचे जवळजवळ सर्व धागे आहेत.

जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये एका तरुणाने ससेपालन सुरू केले होते. लोखंडी जाळीचे दुमजली पिंजरे, सोव्हिएत चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट जातींच्या चाळीसएक माद्या, विण्यासाठी प्लायवूडच्या पेट्या आणि त्यांत अंथरलेले गोणपाट. देखभाल मुख्यतः त्याची आई करीत असे. मी पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक ससे मान वाकडी करून मागच्या पायाने कान खाजवीत होते. तरुण म्हणाला, "साहेब, तीन वेळा इंजेक्शन दिलं. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा जसंच्या तसं. हे औषध आता संपलं. काहीतरी जालीम द्या." त्याच्या हातात कुत्र्यांच्या गोचिडांवर मारायच्या फवाऱ्याची बाटली होती, आणि त्या बाटलीवर फिप्रोनिल हे नाव छापलेले होते.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून सांगतो. फिप्रोनिल सशांवर कधीही वापरू नये. कुत्र्याला चालणारे हे औषध सशाला विषारी ठरते, त्याला झटके येतात आणि तो दगावतो. पुन्हा सांगतो, फिप्रोनिल सशांना नाही. ती बाटली मी प्रथम शेडच्या बाहेर ठेवायला लावली.

त्यानंतर एका सशाच्या कानाच्या कडेला आपोआप सुटलेली खपली उचलली, काळ्या कागदावर ठेवली आणि कागद उन्हात धरला. ऊब लागताच खपलीतून पांढुरके ठिपके बाहेर येऊन कागदावर चालू लागले. कानातला हा कोळी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे नजर चांगली असेल तर तो असा भिंगाशिवायही दिसतो. त्या तरुणाच्या आईने खाली वाकून बराच वेळ पाहिले आणि आपले मनगट पुढे करून विचारले, "डॉक्टरसाहेब, मग हे पण ह्यांचंच का?" त्यांच्या मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ होते. त्या प्रश्नामुळे तपासणीला दुसरी दिशा मिळाली. कानातला कोळी माणसाला असा त्रास देत नाही. म्हणून मी सशांची नाके आणि पंजे पाहिले, नखांच्या मुळाशी करड्या खपल्या आढळल्या, त्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा सारकॉप्टिसही सापडला. शेडमध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते. मावशींना त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगितले.

मग औषध का लागू पडत नव्हते, याचा शोध आम्ही टप्प्याटप्प्याने घेतला. औषध आयव्हरमेक्टिन होते आणि ते योग्यच होते. मात्र दीड किलोच्या तरुण सशाला आणि साडेतीन किलोच्या मादीला मात्रा एकच दिली जात होती, कारण वजनकाटा नव्हता. सुई घाईने टोचल्यामुळे काही सशांच्या बाबतीत औषध कातडीखाली न जाता केसांवरच ओघळत होते. खपल्या दिसत होत्या तेवढ्याच सशांना इंजेक्शन दिले जात होते. दुसरे इंजेक्शन दहा ते चौदा दिवसांत द्यायचे, ते महिना उलटल्यावर दिले जात होते. आणि औषध दिलेले ससे त्याच पिंजऱ्यात, त्याच पेटीत, त्याच गोणपाटावर परत जात होते.

यातील दुसऱ्या इंजेक्शनाचे महत्त्व नीट लक्षात घ्यावे. आयव्हरमेक्टिन कोळ्याला पांगळे करून मारते, परंतु अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, त्यांतून निघालेली पिढी वाढते, आणि ती स्वतः अंडी घालू लागण्यापूर्वी तिला गाठायचे असते. म्हणून दहा ते चौदा दिवस. महिन्यानंतर दिलेले इंजेक्शन हे दुसरे नसते, ते पुन्हा पहिलेच होते. आणि सशाच्या अंगाबाहेर, थंड आणि दमट जागेत, कानातला कोळी तीन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. प्लायवूडच्या फटी आणि गोणपाटाचे धागे त्याला आयतेच मिळाले होते.

मावशींनी स्वयंपाकघरातला काटा आणला. प्रत्येक ससा टोपलीत ठेवून तोलला आणि वजन पिंजऱ्यावर खडूने लिहिले. मात्रा किलोला २०० ते ४०० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान, पशुवैद्यकाने ठरवायची असते. एक टक्क्याच्या औषधात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे अडीच किलोच्या सशाला वरच्या मात्रेनेही मिलिलिटरचा केवळ दहावा भाग पुरतो. इतके थोडे औषध मोठ्या सिरिंजमध्ये अचूक मोजता येत नाही. शेडमधल्या प्रत्येक सशाला, खपली असो वा नसो, एकाच दिवशी इंजेक्शन दिले आणि बाराव्या दिवशी पुन्हा दिले. पेट्या आणि गोणपाट जाळले, रिकाम्या पिंजऱ्यांवर गॅसची ज्योत फिरवली. कानातल्या खपल्या ओढून काढायच्या नाहीत, असे मी बजावले होते, कारण त्याखाली कच्ची जखम असते आणि सशाला असह्य वेदना होतात. कोळी मेल्यावर त्या आपोआप सुटतात, आणि तशा त्या सुटल्या. महिनाअखेरीस पुन्हा पाहिले तेव्हा कान गुलाबी आणि कोरडे होते. म्हणजे औषध संपलेले नव्हते.

परंतु हकीकत येथे संपत नाही. पहिल्याच दिवशी त्या तरुणाने मला दोन चिंचिला माद्या अभिमानाने दाखवल्या होत्या. चोहीकडे खरूज असताना त्यांच्या कानांत एकही खपली नव्हती. पुढची सगळी पैदास यांच्यावरच करायची, असे त्याने ठरवले होते. इंजेक्शन देण्यापूर्वी मी त्यांचे कान दिव्याच्या नळीतून आतपर्यंत पाहिले आणि कापसाच्या काडीने मळ काढून तपासला. एका मादीचा कान खरोखरच निर्मळ निघाला. दुसरीच्या कानात खोलवर, मळात, जिवंत कोळी होते. तिला त्यांचा त्रास होत नव्हता, इतकेच. तिच्या आधीच्या वेतांची पिल्ले शेजारच्या दोन गावांत विकली गेली होती, आणि तेथेही खरजेची तक्रार होतीच. कोळ्याला थारा न देणारी मादी वेगळी आणि कोळी मुकाट्याने सांभाळणारी मादी वेगळी. वरून दोघी सारख्याच दिसतात. पैदाशीसाठी पहिली हवी. तिचीही खात्री एका तपासणीने होत नाही, तिची पिल्ले कशी निघतात हे नोंदवहीत पाहावे लागते.

या निमित्ताने माझे एक स्पष्ट मत सांगतो. आपल्याकडे सात माद्या आणि तीन नर असे 'युनिट' विकण्याची पद्धत आहे. विकणारा पिंजरे देतो, खाद्याचे कोष्टक देतो, पिल्ले परत घेण्याचे आश्वासन देतो, परंतु एकाही सशाचा कान तपासून देत नाही. माझ्या मते, कानतपासणीचा पशुवैद्यकीय दाखला नसेल तर युनिट घेऊच नये. आणि घेतलेले ससे किमान तीन-चार आठवडे जुन्या सशांपासून दूर ठेवावेत.

सशाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीविषयी प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९९० च्या दशकात सशांना घरातील धुळीत आढळणाऱ्या कोळ्यांचा अर्क आधी टोचला गेला, आणि पुढे त्यांच्यावर खरजेचे कोळी सोडले तेव्हा त्यांतील बऱ्याच सशांनी प्रतिकार दाखवला. म्हणजे सशाच्या शरीरात ही क्षमता जागी करता येते. मात्र सशांसाठी खरजेची लस बाजारात आलेली नाही.

कोळ्याचा औषधाला प्रतिकार हीसुद्धा कल्पना नाही. २००४ साली ऑस्ट्रेलियातून माणसांच्या तीव्र खरजेच्या दोन रुग्णांत आयव्हरमेक्टिनला न जुमानणाऱ्या सारकॉप्टिसची नोंद झाली. २०१८ साली ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या खरजेचा कोळी याच गटातील औषधांना दाद देत नसल्याचे सिद्ध झाले. मेंढीचा हा कोळी आणि सशाच्या कानातला कोळी एकाच जातीचे आहेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे ही बातमी आपल्याही घरची समजावी. अपुरी मात्रा दिली की दुबळे कोळी मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्या चिवटांची होते. वांग्यावर तेच ते औषध फवारून लाल कोळ्याच्या बाबतीत आपण हे अनुभवलेले आहे. जपानच्या मातीतील एका जिवाणूपासून मिळालेले आयव्हरमेक्टिन हे औषध इतके मोलाचे आहे की त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते अंदाजाने टोचून बोथट करणे आपल्याला परवडणारे नाही.

तेव्हा वजन करून मात्रा दिली, सर्व सशांना दिली, दहा ते चौदा दिवसांत पुन्हा दिली, पेट्या आणि पिंजरे साफ केले, आणि त्यानंतरही दोन आठवड्यांनी खपलीत जिवंत कोळी सापडले, तर प्रतिकाराचा संशय घ्यावा. तशी खपली छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून, सशाचे वजन, दिलेली मात्रा आणि दोन्ही तारखा चिठ्ठीवर लिहून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी आणि रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा. अहवाल येईपर्यंत त्या शेडमधील एकही ससा बाहेर विकू नये. मांसासाठीच्या सशांना औषध दिले असेल, तर किती दिवस थांबायचे हे पशुवैद्यकाला विचारून पिंजऱ्यावर तारीख लिहावी, आणि त्या तारखेआधी तो ससा कापू नये.

नमस्कार.