सडा : नकाशावरची पांढरी जागा

(दृश्य : ड्रोन. जुलैतला ओला सडा, कातळ संपतो तिथून उतार, खाली वाडी, पलीकडे खाडी.)

राजापूर तालुका. वर सपाट कातळ, म्हणजे सडा. सड्याच्या उतारावर आंब्याच्या कलमांच्या बागा, मग वाडी, वाडीखाली भाताची खाचरं आणि शेवटी खाडी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किनाऱ्याकडे कुठूनही उतरा, बहुतेक ठिकाणी जमिनीचा क्रम असाच लागतो.

(दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा, त्यावर फिरणारं बोट.)

हाच भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर पाहू. प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. या तपकिरी रेषा समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात आणि शेजारच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असतो. रेषा विरळ तिथं जमीन सपाट, रेषांची दाटी तिथं चढण. सड्याच्या कडेला रेषा कशा एकमेकींना भिडल्यात बघा. एसटीचा ड्रायव्हर इथंच गिअर खाली टाकतो.

आता रंग. पिवळा म्हणजे लागवड, हिरवा म्हणजे झाडी, लाल म्हणजे वस्ती आणि रस्ते, निळा म्हणजे पाणी. सड्याच्या वाट्याला पांढरा आलाय, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराब्यात होते. सड्यावरून उतरणाऱ्या पऱ्यांच्या, म्हणजे पावसाळी ओहोळांच्या, रेषा काळ्या आहेत. कारण नकाशाचा नियमच तसा आहे : कोरडा पडणारा ओहोळ काळा, पाणी असलेला निळा.

(दृश्य : तोच पऱ्या, भर पावसात. आवाज पुराचाच राहू द्यावा, निवेदन नाही.)

नकाशा खोटं बोलत नाही. तो फक्त कोरड्या दिवसांतला आहे.

(दृश्य : चिरेखाण. यंत्राची पाती, लाल धूळ, कापलेल्या जांभ्याची उभी भिंत.)

सड्याच्या पोटात काय आहे, ते इथं उघडं पडलंय. तळाशी बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. त्यावर लाखो वर्षं चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ऊन, असा फेरा चालू राहिला. पावसाच्या पाण्यानं दगडातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हळूहळू विरघळवून वाहून नेलं. मागे राहिली लोहाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. लोहामुळं रंग तांबडा झाला. जे निघून गेलं त्याची भोकं राहिली. हा जांभा. खाणीतून नुकता काढलेला चिरा त्या मानानं मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तर तो घडवता येतो आणि घराच्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

(दृश्य : चिरा अगदी जवळून. त्यावर तांब्याभर पाणी ओततात.)

चिऱ्याला तांदळाच्या घावण्यासारखी जाळी असते. पाणी वर थांबत नाही. सड्यावर पडलेल्या पावसातला काही भाग पऱ्यांनी वाहून जातो, काही या भोकांतून आणि भेगांतून खाली झिरपतो. जांभ्याखाली असते मऊ चिकणमाती, बेसॉल्ट कुजून तयार झालेली. तिच्यातून पाणी सहजी खाली जात नाही. मग ते आडवं सरकतं आणि जिथं सड्याची कड कापली गेली आहे तिथं बाहेर येतं. तो झरा.

नकाशाकडे पुन्हा बघा. हे लाल ठिपके, वाड्यांचे. एका उंचीवर ओळीनं बसलेत, सड्याच्या कडेखाली. ज्यांनी वाड्या वसवल्या त्यांनी समोच्च रेषा पाहिल्या नव्हत्या, पाणी पाहिलं होतं.

(दृश्य : झऱ्यावर हंडे भरणाऱ्या बाया. आजींचं बोलणं तसंच ठेवावं.)

(दृश्य : देवाचे गोठणे. कातळावर कोरलेली मनुष्याकृती, शेजारी होकायंत्र.)

होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशाची वरची बाजू भौगोलिक उत्तर. कोकणात दोन्हींत फरक अगदी थोडा, एरवी जाणवायचाही नाही. पण देवाचे गोठणे गावच्या या कातळशिल्पाजवळ सुई भलतीकडेच वळते. जांभ्यात लोह भरपूर असतं आणि लोहाच्या काही खनिजांना चुंबकाचा गुण असतो. सुई तिकडे ओढली जाते. आकृती कोरणाऱ्यांना यातलं काही ठाऊक होतं का, यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात. आपण सुईच बघू.

कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, देवाचे गोठणे. सगळी सड्यावरची. नकाशाच्या पांढऱ्या भागातली.

(दृश्य : खाडी, ओहोटीची वेळ. चिखलात उभी होडी.)

खालची खाडीही एकेकाळी नदीची दरी होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि दऱ्यांत शिरला. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग : नकाशावर किनारा असा दातेरी दिसतो तो त्यामुळंच.

(दृश्य : सोडून दिलेली खाण, पाण्यानं भरलेली. शेजारी सुरुंगानं फोडलेला कातळ.)

खाणी वाढताहेत, कलमांसाठी कातळ सुरुंगानं फोडला जातोय. पाणी मुरवणारा थर कापून गेला की वाडीच्या झऱ्याला मागून पुरवठा राहत नाही.

(दृश्य : नकाशावर पेन्सिलीनं केलेल्या खुणा.)

झऱ्यासाठी या नकाशात खूण आहे. सड्याच्या कडेकडेनं चालत जाऊन गावच्या गावाला ते झरे मांडता येतात. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात, गावच्या नकाशावर गट क्रमांक असतो. फक्त हे काम एप्रिल-मेमध्ये करावं. तेव्हा धार असेल तो झरा बारमाही, आणि सर्वेक्षण विभागाच्याच नियमानं निळ्या रंगाचा हक्कदार.