तिरफळ: सगळ्यात शेवटी पडणारा मसाला

पावसाळा सरत आला की सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिरफळाच्या झाडांवर हिरव्या फळांचे घोस दिसू लागतात. झाड उंच वाढते आणि त्याच्या खोडावर जाड काटे असतात, त्यामुळे फळे उतरवणे हे सरावलेल्या माणसाचेच काम. उन्हात वाळताना फळ उकलते आणि आतले काळे, चकचकीत बी बाहेर डोकावते. दिसायला तेच मोलाचे वाटले, तरी ते काढून टाकायचे असते. स्वयंपाकात लागते ते वरचे टरफल.

तिरफळाचा सगळा सुवास या टरफलातल्या बारीक तैलग्रंथींत असतो. तो काहीसा संत्र्याच्या सालीसारखा येतो, आणि टरफल चावले तर जिभेला झिणझिण्या येतात. तिरफळाची जवळची नातलग असलेल्या चीनमधल्या सिचुआन मिरीतही हाच गुण आहे. तिच्यातील सॅनशूल नावाची द्रव्ये स्पर्शाच्या मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून ती झिणझिण मिरचीच्या जळजळीहून वेगळी जाणवते.

मोहरी आणि हिंग तापलेल्या तेलात खुलतात. तिरफळाचे तसे नाही. त्याचे सुगंधी तेल उष्णतेने लवकर उडून जाते, आणि टरफल वाटणात बारीक वाटले गेले तर कालवणाला कडवटपणा येतो. म्हणून बांगड्याचे तिखले करताना ओले खोबरे, सुक्या लाल मिरच्या, धणे, हळद आणि चिंच यांचे वाटण आधी गुळगुळीत करून घेतात, आणि थोड्या पाण्यात भिजवून हलकेच ठेचलेली आठ-दहा तिरफळे त्या पाण्यासकट कालवणात नंतर सोडतात. बांगडा शिजायला फार वेळ लागत नाही, तेवढ्यात तिरफळ उतरते. अनेक घरांत या तिखल्याला फोडणी देत नाहीत, आले-लसूणही घालत नाहीत; भांडे उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडतात आणि झाकण ठेवतात. गरम मसाल्याची चिमूट इथे घालू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे, कारण लवंग-दालचिनीपुढे तिरफळ टिकत नाही.

बांगडा, तारली, पेडवे या तेलकट, उग्र वासाच्या मासळीशी तिरफळाचे विशेष जमते. पापलेटसारख्या सौम्य मासळीत मात्र ते सहसा घालत नाहीत. शाकाहारी घरांत खोबऱ्याचे वाटण लावलेली तूरडाळीची आमटी तिरफळावरच होते, आणि नवख्याने हाताला प्रमाण बसेपर्यंत याच आमटीपासून सुरुवात करावी, कारण डाळीत ते किती उतरले हे पळीभर चाखून लगेच कळते.

वाळलेली टरफले घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत आणि लागतील तेवढीच ऐनवेळी ठेचावीत. जेवताना पानात आलेले तिरफळ चावायचे नसते, ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असते, एवढे पाहुण्यांना आधी सांगितलेले बरे.