नगरसेवकाचा कार्यअहवाल वाचायचा कसा?

राम राम मंडळी.

(पुस्तिका कॅमेऱ्यासमोर धरत) हा कार्यअहवाल. गुळगुळीत कागद, कव्हरवर हात जोडलेले नगरसेवक आप्पा, वर नेत्यांचे फोटो आणि आत पानोपानी काँक्रिटचे रस्ते. ही पुस्तिका नमुना म्हणून मीच बनवलीय, यातले आप्पा खरे नाहीत. पण तुम्ही जळगावात राहा नाहीतर धुळ्यात, भुसावळात नाहीतर अमळनेरात, तुमच्या दारात पडलेली पुस्तिका हिची सख्खी बहीण असणार. आप्पा निवडणुकीला पुन्हा उभे आहेत आणि म्हणतात, माझं काम बघा आणि मत द्या. मागणी रास्त आहे. तर चला, काम बघू.

पहिलंच पान. ‘आप्पांच्या प्रयत्नाने कॉलनीत काँक्रिट रस्ता.’ फोटोत कुदळ, नारळ, हार. आता हा रस्ता होतो कसा ते सांगतो. नगरसेवक पत्र देतो, किंवा महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, विषय आणतो. मग बांधकाम विभागाचा अभियंता अंदाजपत्रक काढतो, तांत्रिक मंजुरी होते, पैसा कुठल्या शीर्षातून, म्हणजे कुठल्या निधीतून, द्यायचा ते ठरतं, निविदा निघते, मोठ्या रकमेची असेल तर खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीपुढे जाते आणि शेवटी मक्तेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्यात कारभार चालवायचा अधिकार आयुक्ताला दिलेला आहे, नगरसेवकाला नाही. आप्पा एका रुपयाच्या बिलावरसुद्धा सही करू शकत नाहीत. म्हणून पुस्तिकेत ‘रस्ता केला’ असं वाचलं की विचारायचं, आप्पा, यातलं तुमचं नेमकं काय? पत्र? ठराव? की नुसता नारळ?

पैशाचंही तसंच. आपल्याकडच्या पालिकांची घरपट्टी-पाणीपट्टी पगार, वीजबिल आणि जुन्या कर्जांतच संपते. मोठी कामं होतात ती बाहेरच्या पैशावर. वित्त आयोगाचा निधी, राज्याची नगरोत्थान योजना, दलितवस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, केंद्राची अमृत योजना. त्यामुळे एकाच रस्त्यावर खासदार, आमदार, पालकमंत्री आणि नगरसेवक अशा सगळ्यांचे फलक लागतात. आणि नगरसेवकही एकटा नसतो. महापालिकेत एका प्रभागात साधारण चार जण असतात, अ, ब, क आणि ड. आपण मशीनवर चार वेळा बटण दाबतो ते त्यासाठी. २०१८ ला जळगावात १९ प्रभागांतून ७५ नगरसेवक निवडून आले होते, धुळ्यात ७४. एक गटार झाली की चार पुस्तिकांत चार वेळा छापून येते. चारही पुस्तिका शेजारी ठेवून बघा एकदा, करमणूक होते.

आता तारखा. मला विचाराल तर अख्ख्या तपासणीत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात धारदार गोष्ट हीच आहे. जळगावची निवडणूक झाली ऑगस्ट २०१८ मध्ये, मुदत संपली सप्टेंबर २०२३ मध्ये. धुळ्याची डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२३. भुसावळसारख्या नगरपालिकांची मुदत तर २०२१ च्या अखेरीसच संपली. पुढच्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. मे २०२५ मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकायला सांगितलं. मधल्या काळात प्रशासक होते. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडे. मग २०२४ मध्ये झालेला रस्ता आप्पांच्या पुस्तिकेत कसा? होऊ शकतो. पाठपुरावा आधीचा असेल, मंजुरी आधीची असेल, काम नंतर झालं असेल. पण मग आधीचं पत्र दाखवा. आवक क्रमांकाचा शिक्का असलेलं.

इथे आप्पांच्या बाजूनेही बोलतो. पद नसताना, मानधन नसताना दोन-अडीच वर्षं, नगरपालिकांत तर त्याहून जास्त, जो माणूस लोकांसाठी पालिकेत चकरा मारत राहिला, त्याची नोंद पुस्तिकेतल्या कुठल्याही फोटोपेक्षा मोठी धरा. प्रशासकाच्या काळात कोण दिसत होतं आणि कोण गायब होतं, हे गल्लीला पाठ असतं. त्यासाठी कागद लागत नाही.

बरं, रस्ता झाला. पण कधी झाला? म्हणजे, कशाच्या आधी झाला? जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. अमृत योजनेची पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ते खोदले, मग भुयारी गटारीसाठी खोदले, आणि शहराने वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. ज्या कॉलनीत आधी जलवाहिनी झाली, घरोघरचे नळजोड रस्त्याच्या कडेपर्यंत आले, गटारीचे चेंबर बसले आणि मगच काँक्रिट पडलं, तिथे कुणीतरी अभियंत्याच्या मागे लागून क्रम लावून घेतलेला असतो. असं काम फोटोत दिसत नाही. उलट निवडणुकीच्या तोंडावर घाईने काँक्रिट ओतलं आणि सहा महिन्यांत नळजोडासाठी ब्रेकर लागला, तर त्या पानावर आप्पांना मार्क नाहीत, उलट कापा.

रस्त्याची उंचीही बघा. जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला की रस्ता ओट्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. बायाबापड्या पावसाळाभर दारात वीट-माती लावून बसतात, आणि पुस्तिकेत तोच रस्ता ‘विकासाचा राजमार्ग’ असतो. दोषदायित्व कालावधी म्हणून एक भानगड असते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर मक्तेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुमच्या रस्त्याची ही मुदत कधी संपते, आप्पांना विचारा. चांगल्या नगरसेवकाला ती तारीख तोंडपाठ असते, कारण त्याने मक्तेदाराला त्यावरून धारेवर धरलेलं असतं.

पाण्याचं पान. ‘पाणीप्रश्न कायमचा सोडवला.’ हे वाचून मला हसू येतं. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं. धुळ्याची तहान तापी, नकाणे तलाव आणि आता अक्कलपाडा यांच्या भरवशावर. या योजना राज्याच्या आणि केंद्राच्या पैशावर होतात, त्यात एका प्रभागाच्या नगरसेवकाचा वाटा किती असणार? पण त्याच्या हातात दुसरं काहीतरी असतं, आणि तेच कुणी छापत नाही. टाकीपासून लांब असलेल्या शेवटच्या घरांना दाब मिळतो का. व्हॉल्व्हमन रात्री दोनला पाणी सोडतो की सकाळी सहाला. लाइनवर थेट मोटर लावणाऱ्यांना कुणी टोकलं का. शेवटचं काम करायला छाती लागते, कारण मोटरवालेही मतदारच असतात. कॉर्नर सभेत आप्पा धरणाचे आकडे सांगत असतात आणि मागून एखादी आजी विचारते, “ते जाऊ दे भाऊ, पानी कव्हय ई?” म्हणजे पाणी कधी येईल? अख्ख्या सभेत मुद्द्याचं तेवढंच असतं.

आता जे पान पुस्तिकेत नाहीच, ते. महासभा. नगरसेवकाचं मुख्य काम सभागृहात आहे. महिन्यातून एकदा विषयपत्रिका येते, ती वाचायची, प्रश्न विचारायचे, चुकीच्या विषयाला विरोध नोंदवायचा. प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं. हजर कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, सगळं त्यात असतं. आणि त्यात एक गंमत शोधा, ‘ऐनवेळचे विषय’. पत्रिकेवर नसलेला विषय सभेच्या शेवटी येतो, सगळे उठायच्या घाईत असतात, आणि ‘सर्वानुमते मंजूर’. या दोन शब्दांत आप्पाही आले. ते त्या वेळी चहाला गेले असले तरी आले.

हे किती महागात पडू शकतं, ते जळगावने पाहिलंय. घरकुल प्रकरण आठवा. गरिबांसाठी घरं बांधायची जुन्या नगरपालिकेच्या काळातली योजना, त्यात घोटाळ्याचा आरोप झाला. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. पण त्या ४८ मध्ये बरेच जण त्या वेळचे नगरसेवक होते, हे लक्षात घ्या. ठरावाला हात वर करणं म्हणजे नुसती हजेरी नव्हे, हे त्या दिवशी अख्ख्या खान्देशातल्या नगरसेवकांना कळलं असावं. निदान कळायला हवं होतं.

पक्षांतराबद्दल थोडक्यात. जळगावात २०१८ ला भाजपचे ५७ नगरसेवक आले, आणि मार्च २०२१ मध्ये महापौर झाला शिवसेनेचा, ४५ विरुद्ध ३० मतांनी. त्यावर नैतिकतेचं प्रवचन मी देत नाही. फक्त एवढं विचारा, इकडून तिकडे गेल्यावर प्रभागाला काय मिळालं? उत्तर ‘निधी’ असेल तर निधीचा ठराव बघायला मागा.

अजून एक, प्रतिज्ञापत्र. उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे त्यात असतात. मागच्या वेळचं आणि या वेळचं शेजारी ठेवा. आणि महापालिका कायद्याच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकाला पालिकेच्या मक्त्यात स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा ठेवता येत नाही, पद जातं. भाच्या-मेहुण्यांच्या नावावर मक्ता असेल तर सिद्ध करणं जड जातं, ते आप्पांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

मग कागद मिळवायचे कुठून? प्रचाराला जेमतेम दोन आठवडे असतात आणि माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस. म्हणजे अर्ज आता टाकला तर उत्तर निकालानंतर येणार. पण दोन वाटा आहेत. एक, आप्पांनाच मागा. ठरावाची प्रत त्यांच्या घरी असतेच, ज्याने खरंच पाठपुरावा केलाय त्याच्याकडे फाइल असते आणि तो ती हौसेने दाखवतो. दुसरी वाट फार कमी लोकांना माहीत आहे. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात पालिकेतले अभिलेख नागरिकांना बघता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जळगावकरांनी सतरा मजलीत, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, जायचं आणि नगरसचिवांच्या कार्यालयात इतिवृत्ताची नोंदवही मागायची. एकटे जाऊ नका, कॉलनीतले दोघे-तिघे मिळून जा, म्हणजे “साहेब मीटिंगमध्ये आहेत” हे उत्तर लवकर बदलतं.

तरीही माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ठेवा, पुढच्या पाच वर्षांसाठी उपयोगी पडतो. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं काय? प्रभागाचा क्रमांक, कालावधी, त्या काळात झालेल्या कामांची यादी, निधीचं शीर्ष, कार्यारंभ आदेशाची तारीख, मक्तेदाराचं नाव, दोषदायित्वाची मुदत. अर्जाचा नमुना खाली वर्णनात टाकलाय, त्यात फक्त तुमचा प्रभाग आणि पत्ता भरा.