नाव, गाव आणि पंचेचाळीस अंशांतला पाइप

(दृश्य : पुणे, शास्त्री रस्ता. संध्याकाळ. अभ्यासिकेच्या जिन्यात चपलांचा ढीग.)

वरच्या खोलीत आज मुलाखतीचा सराव, म्हणून पुस्तकं भिंतीकडे सारलीत. चार खुर्च्या एका बाजूला, एक समोर. समोर बसलेली मुलगी पंढरपूरची. पॅनेलवर तिचेच तीन मित्र आणि मागच्या वर्षी दिल्लीला मुलाखत देऊन आलेला एक दादा. दादाच्या हातात तिच्या अर्जाची झेरॉक्स.

"पंढरपुरात भीमेला चंद्रभागा का म्हणतात?"

मुलगी गप्प. महागाईचा दर तिला दशांशासकट पाठ आहे. रेपो दर विचारा, झोपेत सांगेल. पण ज्या घाटावर लहानपण गेलं, त्या नदीचं नाव असं का, हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही. "नदी तिथं चंद्रकोरीसारखी वळते गं," दादा सांगतो. ती कपाळावर हात मारून घेते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. दिल्लीत शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये जेमतेम अर्धा तास. आयोग तिला मुलाखत म्हणत नाही, व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. आणि त्या चाचणीतले कितीतरी प्रश्न उमेदवारानं स्वतःच लिहून दिलेले असतात, आपल्या सविस्तर अर्जात. सगळे त्याला 'डॅफ' म्हणतात. जिल्हा, कॉलेज, आधीची नोकरी, छंद. ज्यानं छंदाच्या रकान्यात नुसतं 'वाचन' लिहिलं, त्यानं स्वतःसाठी खड्डा खणलाय. शेवटचं पुस्तक कोणतं? त्यातलं काय पटलं नाही? इथंच गाडी अडते.

मुलगी मराठीतून मुलाखत देणार आहे. तशी मुभा आहे, दुभाषी असतो. म्हणून एक मैत्रीण शेजारी बसून प्रत्येक उत्तराचं इंग्रजी करते. दोन-तीन वाक्यं झाली की थांबायचं, ही सवय आत्ताच लावून घ्यायची. लांबलचक वाक्य टाकलं की दुभाष्याची दमछाक, आणि मुद्दा वाटेत सांडतो. एका प्रश्नावर ती "माहीत नाही, सर" म्हणते, तेही मान खाली न घालता. दादा खूश.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर. पहाट. मैदानावर दोर, फळ्या, पिंपं.)

इथली तऱ्हा वेगळी. सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत १९७७पासून मराठी मुलं एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करतात. लेखी परीक्षा झाली की एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळापुढची मुलाखत. ती पाच दिवसांची, मुक्काम तिथंच, नावाऐवजी छातीवर नंबर. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. जो गळला, तो संध्याकाळच्या गाडीनं घरी.

मग शब्दांची चाचणी. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. पडद्यावर शब्द येतो, मनात येईल ते वाक्य लिहायचं. क्लासमध्ये घोकलेली वाक्यं पहिल्या वीस शब्दांना पुरतात. पुढं हात दुखायला लागतो, डोकं थकतं, आणि मग जे उतरतं ते आपलं स्वतःचं. चित्रावरून गोष्टी लिहायच्या असतात, त्यातली शेवटची पाटी कोरी असते. मैदानावर फळी आणि दोर घेऊन टोळीनं पलीकडं जायचं. कोण ओरडतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, हे अधिकारी लांबून वहीत टिपत असतो. याची तयारी आरशासमोर उभं राहून होत नाही. चार पोरं गोळा करावी लागतात.

(दृश्य : हिंजवडीजवळची भाड्याची खोली. पलंगावर लॅपटॉप.)

आयटीतल्या नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्या या मुलीसमोर माणूसच नाही. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला काही सेकंद, मग रेकॉर्डिंग सुरू. ना कुणाची मान हलते, ना कुणी "हं" म्हणतं. तिनं कॅमेऱ्याच्या ठिपक्याशेजारी धाकट्या बहिणीचा फोटो चिकटवलाय. कुणाला तरी सांगतोय असं वाटतं, म्हणते. कोडिंगच्या फेरीसाठी ती वेगळाच सराव करते. प्रोग्रॅम लिहिताना मोठ्यानं बोलत राहायचं, कारण तिथं उत्तराइतकीच विचाराची वाटही तपासतात. रूममेटला मात्र आता बायनरी सर्च पाठ झालाय.

(दृश्य : नवी मुंबई. पत्र्याची शेड. ठिणग्या.)

आखातातल्या कामासाठी वेल्डर निवडतायत. टेबलावरचे साहेब तीनच गोष्टी विचारतात. नाव, गाव, किती वर्षं काम केलं. दोन मिनिटांत आटोपलं. "जा, पाइपवर."

पाइप ४५ अंशांत तिरका, जागच्या जागी पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही. माणसानंच त्याच्याभोवती फिरायचं. वरून वाकून, बाजूनं, शेवटी जवळजवळ जमिनीवर आडवं होऊन. या बैठकीला सिक्स-जी म्हणतात, वेल्डिंगमधली ही अवघड चाचणी. पहिला थर रूटचा. तो आत नीट उतरला नाही, तर वरून कितीही देखणं कॅपिंग करा, म्हणजे शेवटचा थर द्या, एक्स-रेत दिसतंच. आयटीआय करून आठ वर्षं झालेला हा गडी गेले तीन आठवडे सुटी झाल्यावर वर्कशॉपमध्ये भंगारातले तुकडे असेच तिरके बांधून जोडत होता. इंग्रजी येत नाही याची त्याला धास्ती होती. इथं ते कुणी विचारलंच नाही.

हेल्मेट वर करून तो सांध्यावरून ब्रश फिरवतो, खडूनं आपला नंबर घालतो. एक्स-रे उद्या. गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन तो चहा सांगतो, आणि डबा उघडतो.