बूमवरचा माणूस

(पनामातलं जुनं छायाचित्र)

नोव्हेंबर १९०६. पनामात धो धो पाऊस. पांढऱ्या सुटात, चालकाच्या जागी बसलेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. हे ९५ टनी वाफेचं फावडं, म्हणजे वाफेवर चालणारं खोदाईयंत्र, ब्युसायरस कंपनीचं.

१८८० मध्ये ओहायो राज्यातल्या ब्युसायरस गावात हा कारखाना उभा राहिला. १८८२ मध्ये रेल्वेसाठी त्यांनी पहिलं फावडं बनवलं आणि १८९३ मध्ये मिशिगन सरोवराकाठी, साऊथ मिलवॉकीला बस्तान हलवलं. पनामा कालव्यावर अमेरिकेने १०२ वाफेची फावडी लावली. त्यातली ७७ ब्युसायरसची.

(पनामा कालव्यावरच्या कुलेब्रा इथली खोदाई, चलत्चित्र)

आता रूझवेल्ट नाहीत, तेव्हा यंत्र चालवणाऱ्यांकडे बघा. आतला चालक बूम, म्हणजे यंत्राचा पुढचा लांब हात, फिरवतो, बकेट उचलतो. दुसरा बाहेर, चक्क बूमवर बसलाय. बकेट दरडीत किती घुसवायची, तिचा तळ कधी उघडायचा, हे त्याच्या हातात. एका खेपेला सव्वा ब्रासहून जास्त माती-दगड शेजारच्या वाघिणीत. दोघांचा मेळ चुकला की खेप वाया.

आणि खाली चिखलात? फावडं रुळांवर चालायचं. समोरची दरड खोदून झाली की पुढे रूळ टाकायचे, ते या मजुरांनी. बहुतेक बार्बाडोस आणि आसपासच्या बेटांवरचे, गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पगारावर. कालव्याचं श्रेय वाटताना यांची आठवण आधी व्हायला हवी.

(रंगीत चित्रण: बिग मस्की)

१९६९, ओहायोतली कोळसा खाण. मधल्या काळात, १९२७ मध्ये, एरी कंपनीशी विलीनीकरण होऊन नाव झालं ब्युसायरस-एरी. त्यांचं हे अजस्र ड्रॅगलाइन यंत्र (तारदोरांनी बकेट ओढत खोदणारं), बिग मस्की, विजेवर चालतं. बकेटमध्ये साठेक ब्रास मावतं. पायांकडे लक्ष द्या. चाकं नाहीत, पट्टे नाहीत. दोन्ही बाजूंचे अवाढव्य बूट उचलले जातात, पुढे टेकतात आणि अख्खं धूड सरकतं. असं यंत्र एकच बनलं.

कोळशासाठी इथल्या टेकड्या उलथ्यापालथ्या झाल्या. १९९१ मध्ये यंत्र थांबलं, १९९९ मध्ये भंगारात गेलं. ते जपायला हवं होतं. उरली फक्त बकेट, मॅककॉनल्सव्हिलजवळच्या खाणकामगारांच्या स्मारकात. २०११ मध्ये कॅटरपिलरने कंपनीच विकत घेतली.